रात्रीची झोप आणि दुसऱ्या दिवसाचं डोकं : साठीनंतर झोपेचा हिशेब कसा मांडावा

वडीलधाऱ्या माणसांच्या बाबतीत एक वाक्य फार घाईने बोललं जातं : ‘आता वय झालं.’ ओळखीच्या माणसाचं नाव ऐनवेळी आठवलं नाही, गॅस बंद करायचा राहिला, तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, साध्या बोलण्यावरून डोळे भरून आले, की वयाकडे बोट दाखवून विषय संपतो. आदल्या रात्री झोप कशी झाली होती, हे कुणी विचारत नाही. खरं तर पहिला प्रश्न तोच असायला हवा. कारण वय मागे नेता येत नाही, पण झोपेत पुष्कळ दुरुस्ती करता येते.

हा लेख साठी ओलांडलेल्यांसाठी आहे, आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्यांसाठीही. आधी झोप आणि दुसरा दिवस यांचं नातं समजून घेऊ, मग स्वतःच्या झोपेची नोंद ठेवू, ती वाचू आणि एकेक गोष्ट बदलून पाहू. या कामाला महिना-दीड महिना लागतो. त्यात घाई करू नये.

वयानुसार नेमकं काय बदलतं

रात्रभराची झोप एकसारखी नसते. साधारण दीड-दीड तासाची चक्रं एकामागून एक चालतात. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते. पहाटेच्या भागात, जिला आपण साखरझोप म्हणतो तिच्यात, स्वप्नांची झोप जास्त असते. वय वाढतं तशी गाढ झोप कमी होते आणि हलकी झोप वाढते. मग दाराचा आवाज, दुखरा गुडघा, भरलेलं मूत्राशय, कशानेही जाग येते. तरुणपणीही मधूनमधून जाग येतच असते, पण ती लक्षात राहत नाही. उतारवयात ती लांबते, म्हणून लक्षात राहते.

दुसरा बदल शरीराच्या घड्याळातला. ते अलीकडे सरकतं. संध्याकाळी लवकर पेंग येते आणि पहाटे तीन-चारला टक्क जाग येते. त्यातच डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं. त्यामुळे या घड्याळाला वेळ कळवणारा निळसर उजेड डोळ्याच्या पडद्यापर्यंत कमी पोचतो, आणि दिवस-रात्रीतला फरक शरीराला पूर्वीइतका ठळक कळत नाही.

‘म्हातारपणी झोप कमीच लागते’ हे मात्र अर्धसत्य आहे. अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ साली वयोगटानुसार झोपेची शिफारस केली. तिच्यात ६५ वर्षांपुढच्यांसाठी ७ ते ८ तास सांगितले आहेत, आणि काही जणांना ५-६ तास किंवा ९ तासही योग्य असू शकतात असं म्हटलं आहे. गरज थोडी कमी होते. त्याहून जास्त कमी होते ती सलग झोपण्याची क्षमता.

झोप येते ती दोन गोष्टींच्या जोरावर. अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये मांडलेला हा विचार आजही झोपेच्या उपचारांचा पाया आहे. एक म्हणजे जागेपणी साचत जाणारी झोपेची ओढ, आणि दुसरं म्हणजे शरीराचं घड्याळ. दुपारी दोन तास झोपलं की ओढ खर्च होते. अंधाऱ्या खोलीत दिवस काढला की घड्याळ ढिलं पडतं. पुढचे जवळजवळ सगळे उपाय या दोन गोष्टींपैकी एकीला बळ देण्याचे आहेत.

दुसऱ्या दिवशी काय बिघडतं आणि काय शाबूत राहतं

सगळ्यात आधी मार बसतो तो लक्षावर आणि वेगावर. वाचलेलं वाक्य पुन्हा वाचावं लागतं, सुट्टे पैसे मोजायला वेळ लागतो, दोन जण एकदम बोलू लागले की गोंधळ होतो. एक काम अर्धवट सोडून दुसरं करायचं आणि पुन्हा पहिल्याकडे यायचं, हे तर फारच जड जातं. चूलीवर काही ठेवून फोन घ्यायला जाणं धोक्याचं ठरतं ते यामुळेच.

स्मरणशक्तीचा तोटा दोन बाजूंनी होतो. लक्ष नसल्यामुळे गोष्ट डोक्यात नीट शिरतच नाही. पुष्कळदा माणूस विसरलेला नसतो, त्याने ती गोष्ट नोंदवलेलीच नसते. दुसरी बाजू अशी की दिवसभरात शिकलेलं पक्कं करण्याचं काम गाढ झोपेत चालतं, आणि झोप तुटली की तेही अर्धवट राहतं. याउलट, आयुष्यभराचा शब्दसाठा, व्यवसायातलं ज्ञान, तोंडपाठ असलेल्या गोष्टी एका वाईट रात्रीने जात नाहीत. हा फरक ध्यानात ठेवावा. किल्ली कुठे ठेवली ते आठवेना, ही झोपेची करामत असू शकते. किल्ली कशासाठी असते तेच कळेना, ही असू शकत नाही.

मनःस्थितीचं बोलायचं तर आधी आनंद आटतो, दुःख वाढलेलं दिसतं ते नंतर. नातवाचा फोन येतो, पण एरवीसारखी कळी खुलत नाही. सहनशक्ती कमी होते. २००७ साली तरुणांवर झालेल्या एका प्रयोगात एक पूर्ण रात्र जागवल्यावर त्यांना अप्रिय चित्रं दाखवली, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डला या भावनांशी संबंधित भागाची प्रतिक्रिया झोपलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त तीव्र होती, आणि तिला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी तिचा संपर्क क्षीण झाला होता. ज्येष्ठांचा भावनांवरचा ताबा एरवी तरुणांपेक्षा चांगला असतो. म्हणूनच, शांत स्वभावाचं माणूस चार दिवस सतत करवादत असेल तर ‘हट्टी झालेत’ म्हणण्याआधी त्याच्या रात्रींची चौकशी करावी.

इथे दिलासा देणारी एक गोष्टही आहे. बॉस्टनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी ज्येष्ठ आणि तरुण अशा दोघांनाही रात्रभर जागं ठेवलं. लक्ष टिकवण्याच्या चाचणीत ज्येष्ठांची घसरण तरुणांपेक्षा कमी निघाली. म्हणजे एखादी रात्र वाया गेली म्हणून घाबरण्याचं कारण नाही. नुकसान होतं ते रात्रीमागून रात्र थोडी थोडी झोप हुकली की. २००३ मधल्या एका प्रसिद्ध प्रयोगात निरोगी प्रौढांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं. शेवटी त्यांची कामगिरी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी खालावली होती, आणि तरी त्यांना स्वतःला आपण फारसे पेंगुळलेले आहोत असं वाटत नव्हतं. आपली घसरण आपल्याला दिसत नाही, म्हणून ती कागदावर उतरवावी लागते.

पहिली पायरी : दोन आठवड्यांची वही

साधी वही घ्या. मनगटावरचं यंत्र असेल तरी वही ठेवाच. ती यंत्रं झोपेचा एकूण वेळ बऱ्यापैकी सांगतात, पण नुसतं निपचित पडून जागं असणं त्यांना अनेकदा झोपच वाटतं. ज्येष्ठांची अडचण नेमकी तिथेच असते.

सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाने लिहा : अंथरुणाला पाठ कधी टेकली, डोळा अंदाजे कधी लागला, किती वेळा जाग आली, सगळी मिळून किती वेळ जागे होतात, शेवटची जाग कधी आली, उठलात कधी. रात्री घड्याळ पाहून लिहू नका. घड्याळ पाहिलं की मन बेरीज-वजाबाकी करू लागतं आणि उरलीसुरली झोप उडते. सकाळचा अंदाज पुरेसा आहे.

दिवसाची नोंद दोनदा करा, सकाळी अकराच्या सुमाराला आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला. डोकं किती चालतंय आणि मन कसं आहे, यांना १ ते ५ गुण द्या. उठल्या उठल्या गुण देऊ नयेत, कारण झोपेतून बाहेर आल्यावरचा जडपणा अर्धा तास, कधी तासभरही राहतो आणि तो चांगल्या झोपेनंतरही असतो. शेवटी दिवसात काय अडलं ते एका ओळीत लिहा. भरलेलं पान साधारण असं दिसेल :

‘मंगळवार. पाठ टेकली ९.१५. डोळा लागला १०. जाग तीनदा, दोनदा लघवीला. दुसऱ्या वेळी बराच वेळ तळमळ, तासभर असेल. शेवटची जाग ४.३०, उठलो ६. दुपारी खुर्चीत डुलकी, पाऊण तास. चहा साडेपाचला. अकराला डोकं २, मन ३. पाचला डोकं ३, मन २. बँकेचा फॉर्म दोनदा चुकला. मुलीवर उगीच आवाज चढला.’

एवढं पुरे. स्मरणशक्तीच्या चाचण्यांचे खेळ फोनवर मिळतात, पण सरावाने त्यांतले गुण वाढत जातात आणि फसगत होते. बँकेचा फॉर्म दोनदा चुकला, ही नोंद माझ्या मते त्याहून खरी. रोजचं शब्दकोडं किंवा घरखर्चाचा हिशेब यांसारखं एखादं ठरलेलं काम असेल तर ते कसं झालं तेही टिपा.

दुसरी पायरी : वही वाचणं

चौदा दिवसांनी निवांत बसा. आधी एक हिशेब करा. वरच्या पानात पाठ टेकल्यापासून उठेपर्यंत पावणेनऊ तास झाले. त्यातला पाऊण तास झोप लागण्यात गेला, मध्यरात्री सव्वा-दीड तास जागेपणी गेला आणि पहाटे दीड तास नुसतं पडून राहण्यात. खरी झोप पाच-सव्वापाच तासांचीच. म्हणजे अंथरुणातल्या वेळेपैकी जेमतेम ६० टक्के. हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास असेल तर उत्तम. उतारवयात ८० टक्केही चालून जातं.

मग चांगले दिवस आणि वाईट दिवस वेगळे काढा आणि त्यांच्या आदल्या रात्रींत काय फरक आहे ते पाहा. तुलना स्वतःच्या नेहमीच्या झोपेशी करायची, शेजाऱ्याच्या किंवा चाळिशीतल्या स्वतःच्या झोपेशी नव्हे. बहुतेकांना इथे आश्चर्य वाटतं. एकूण तास आणि दुसऱ्या दिवसाचे गुण यांचा मेळ नीट बसत नाही, मध्यरात्रीच्या जागेपणाचा मात्र बसतो. रोजच्या रोज ज्येष्ठांची झोप आणि विचारांचा वेग मोजणाऱ्या अभ्यासांतही हेच दिसलं आहे : मध्ये नेहमीपेक्षा जास्त वेळ जाग राहिली की दुसऱ्या दिवशी विचार मंदावतो, मग एकूण तास कितीही असोत. आठ तास तुकड्यातुकड्यांनी झोपण्यापेक्षा साडेसहा तास सलग झोपणं डोक्याला जास्त मानवतं.

वहीत साधारण हे प्रकार ओळखू येतात. संध्याकाळी टीव्हीसमोर पेंग आणि पहाटे तीनला जाग, हा घड्याळ अलीकडे सरकल्याचा प्रकार. नऊ-दहा तास अंथरुणात आणि त्यातले तीन जागेपणी, हा गरजेहून जास्त लोळण्याचा प्रकार. दर दोन तासांनी लघवी, हा वेगळा. सात-आठ तास झोपूनही डोकं जडच, हा श्वासाचा किंवा औषधांचा असू शकतो आणि त्याला घरगुती उपाय नाही. शेवटचा प्रकार असा की झोप बरी होवो वा वाईट, मनाचे गुण रोज १ किंवा २. तिथे प्रश्न झोपेपेक्षा मोठा आहे. त्याकडे पुढे येऊ.

तिसरी पायरी : एका वेळी एकच बदल

सगळं एकदम बदललं तर कशाने गुण आला ते कळत नाही. एक गोष्ट निवडा, दहा-बारा दिवस पाळा, वही चालू ठेवा.

सुरुवात उठण्याच्या वेळेपासून करावी. झोपण्याची वेळ आपल्या हातात नसते, उठण्याची असते. रात्र कशीही गेली तरी एकाच वेळी उठायचं, सुट्टीच्या दिवशीही. त्याला उजेडाची जोड द्यायची. घरातला उजेड आपल्याला लख्ख वाटतो, पण तो बहुधा १०० ते ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचं माप) असतो, आणि ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर काही हजार लक्स असतात. अर्धा तास बाहेर फिरा, तेवढं जमत नसेल तर अंगणात किंवा उघड्या खिडकीपाशी खुर्ची टाका.

मात्र इथे एक अपवाद आहे, आणि तो न सांगता दिलेला सल्ला ज्येष्ठांना उलटा बाधतो. ज्यांना रात्री आठलाच झोप अनावर होते आणि पहाटे तीनला जाग येते, त्यांनी भल्या पहाटेचा झगझगीत उजेड टाळावा आणि संध्याकाळचा घ्यावा. पहाटेचा उजेड घड्याळ आणखी अलीकडे ओढतो, संध्याकाळचा त्याला मागे थोपवतो. अशांनी फेरफटका संध्याकाळी मारावा, दिवेलागणीनंतर घरात भरपूर उजेड ठेवावा आणि त्या वेळी माणसांत राहावं. डोळ्यांचे आजार असतील तर उजेडाचे खास दिवे वापरण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारावं.

दुसरा बदल ऐकायला विपरीत वाटतो : अंथरुणातला वेळ कमी करायचा. झोप अपुरी होते म्हणून माणूस लवकर आडवा होतो, आणि तीच झोप जास्त तासांवर पसरून पातळ होते. वहीत सरासरी खरी झोप सहा तास निघाली, तर अंथरुणात साडेसहा तासच राहायचं. सकाळी सहाला उठायचं असेल तर साडेअकराच्या आधी पाठ टेकायची नाही. पहिला आठवडा जड जातो, दिवसा पेंग येते. झोप सलग होऊ लागली आणि प्रमाण ८५ टक्क्यांवर गेलं की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवत जायचं. अंथरुणातला वेळ साडेपाच तासांच्या खाली आणू नये. फिट्स येणाऱ्यांनी, बायपोलर आजार असलेल्यांनी, वारंवार तोल जाणाऱ्यांनी हा उपाय डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये. या दिवसांत गाडीही जपून चालवावी.

मध्यरात्री जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप येत नाही असं वाटलं, तर अंथरूण सोडायचं. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये ही पद्धत मांडली. अंथरूण म्हणजे तळमळण्याची जागा, अशी मनाची झालेली समजूत मोडणं हा तिचा हेतू. मंद दिव्यात खुर्चीवर बसा, हलकंफुलकं काही वाचा, पेंग आली की परत या. ज्येष्ठांनी यात पडण्याचा धोका विसरू नये. उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, मग उभे राहा. वाटेत जमिनीलगतचा लहान दिवा ठेवा, सुटे गालिचे काढून टाका. चालणं अस्थिर असेल तर पलंगातच टेकून बसा किंवा खुर्ची पलंगाला लागून ठेवा. तेवढंही पुरतं.

दुपारच्या झोपेला माझा विरोध नाही. तीनच्या आत, वीस ते तीस मिनिटं, गजर लावून घेतलेली डुलकी दुपारनंतरचं डोकं चांगलं ठेवते. घात करते ती संध्याकाळी टीव्हीसमोर नकळत लागणारी. त्या वेळी उभ्याने करायचं एखादं काम हाती घ्यावं.

लघवीला उठावं लागत असेल तर पाणी कमी करू नका, अलीकडे घ्या. दिवसभरात पुरेसं प्या आणि झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत घोटभरावर या. पायांना सूज येणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक कारण असतं, जे सहसा कुणी सांगत नाही. दिवसभर पायांत साचलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि रात्री लघवीवाटे बाहेर पडतं. दुपारनंतर तासभर पाय उंच ठेवून पडलं तर ते पाणी दिवसाच निघून जातं. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी केव्हा घ्यायची, हेही डॉक्टरांना विचारून ठरवावं. नुसत्या वेळेच्या बदलाने काहींच्या दोन फेऱ्या वाचतात.

चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. २०१३ मधल्या एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननेही झोप तासाभराहून जास्त घटली. एवढं कॅफिन म्हणजे तीन-चार कप कॉफी, तेव्हा एका कपाचा परिणाम तितका होणार नाही. तरी झोप तुटक असेल तर दुपारनंतर बंद करून पाहा. मद्याने डोळा लवकर लागतो खरा, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप मोडते. झोपण्याआधी एक-दोन तास कोमट-गरम पाण्याने दहा मिनिटं अंघोळ केली तर त्वचेकडे रक्त वाढून शरीराची आतली उष्णता उतरते आणि झोप लवकर लागते. हा सोपा उपाय आहे, जरूर करावा.

गोळ्यांबद्दल स्पष्ट सांगायचं तर

झोपेच्या गोळीने रात्र सुटते आणि दिवस बिघडतो, असं उतारवयात वारंवार घडतं. औषधं शरीरातून निघायला वेळ लागतो आणि त्यांची गुंगी सकाळी डोक्यावर बसलेली असते. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी ज्येष्ठांनी शक्यतो टाळायच्या औषधांची बीअर्स यादी वेळोवेळी सुधारून प्रसिद्ध करते. तिच्यात बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्या, झोल्पिडेमसारख्या गोळ्या आणि सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या औषधांतलं डायफेनहायड्रामिन आहे. गोंधळ उडणं, विसर पडणं, पडून हाड मोडणं ही त्यामागची कारणं. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या झोपेच्या औषधांत हे शेवटचं नाव अनेकदा असतं. पाकीट वाचा.

पण वर्षानुवर्षं घेत असलेली गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. तसं केल्याने झोप पार उडू शकते, कंप सुटू शकतो, फिटही येऊ शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती हळूहळू उतरवायची असते, आणि त्याला काही आठवडे, कधी महिने लागतात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये दीर्घकाळच्या निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळ्या नव्हे, तर सीबीटी-आय ही वर्तनोपचार पद्धत सुचवली. अंथरुणातला वेळ कमी करणं आणि झोप नसेल तर अंथरूण सोडणं हे तिचेच भाग आहेत. जाणकाराकडून ती सहा-आठ भेटींत शिकता येते.

वाईट रात्रीनंतरचा दिवस कसा काढावा

कितीही काळजी घेतली तरी काही रात्री फुकट जाणारच. त्यानंतरचा दिवस सांभाळणं हे वेगळं कौशल्य आहे.

ठरल्या वेळी उठा आणि उजेडात जा. घरच्यांना सरळ सांगा, ‘आज माझी झोप झालेली नाही, सावकाश बोला.’ एवढ्या एका वाक्याने कितीतरी भांडणं टळतात. डोक्याचं काम सकाळच्या उत्तरार्धात, वहीत ज्या वेळी गुण चांगले दिसतात तेव्हा करा आणि एका वेळी एकच करा. मोठ्या रकमेचा व्यवहार, मृत्युपत्रावरची चर्चा, फोनवर कुणी घाई करून मागितलेली माहिती, हे सगळं उद्यावर टाका. गोळ्या घेतल्या की डबीवर खूण करा, आठवणीवर विसंबू नका. डोळे जड असतील तर गाडी चालवू नका.

मन खिन्न असेल तेव्हा आयुष्याचा ताळेबंद मांडू नये. मुलं विचारत नाहीत, आपला उपयोग उरला नाही, हे विचार अशा दिवशी फार खरे वाटतात. त्यांच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा शरीर हलवा, कुणाशी तरी बोला. जीवलग माणसाशी दहा मिनिटांच्या गप्पा त्या दिवशी खरंच औषधासारख्या लागू पडतात.

रात्री लवकर आडवं होण्याचा मोह होईल. तो टाळा. साचलेली ओढ नेहमीच्या वेळेपर्यंत राखली तर ती रात्र बहुधा चांगली जाते.

झोपेची फार चर्चाही करू नये. २०१४ मधल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना त्यांच्या झोपेबद्दल मनाला येईल ते सांगितलं. ‘तुमची झोप उत्तम झाली’ असं ज्यांना सांगितलं त्यांनी चाचण्यांत सरस कामगिरी केली, आणि वाईट झाली असं सांगितलेल्यांची खालावली. प्रत्यक्ष झोपेचा त्याच्याशी संबंध नव्हता. सकाळी उठून यंत्राने दिलेले गुण पाहून तुमचा दिवस काळवंडत असेल, तर ते यंत्र काढून ठेवा. वहीसुद्धा कायमची नाही. घडी बसली की ती बंद करावी.

डॉक्टरांकडे कधी जावं

मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास थांबणं, गुदमरून जाग येणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसा बसल्या जागी झोप लागणं, ही स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराची, लक्षणं आहेत. उतारवयात तो बराच आढळतो, आणि नुसती विसराळूपणाची किंवा मरगळीची तक्रार घेऊन आलेल्यांतही तो सापडतो. उपचाराने दिवस सुधारतो, म्हणून तपासणी टाळू नका. संध्याकाळी पायांत अस्वस्थ शिरशिरी येऊन ते हलवावेसे वाटत असतील तर रक्तातल्या लोहाची तपासणी करून घ्या. झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं, स्वप्नातली मारामारी प्रत्यक्ष करणं हे हसण्यावारी नेऊ नये. ते पार्किन्सनसारख्या आजारांच्या कितीतरी वर्षं आधी दिसू शकतं, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं.

दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास, कशात रस नाही, पहाटे जाग येऊन काळे विचार, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं. वयामुळे असं होणारच, असं मानू नका, त्यावर उपचार आहेत. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी मदत मागा. विसरभोळेपणा चांगल्या झोपेनंतरही तसाच राहत असेल, ओळखीच्या वाटेवर चुकायला होत असेल, तर थायरॉइड, बी-१२ यांसह स्मरणशक्तीची रीतसर तपासणी हवी.

आणि एक गोष्ट लगेच करायची. काल-परवापर्यंत व्यवस्थित असलेलं माणूस अचानक असंबद्ध बोलू लागलं, दिवस-रात्र कळेनाशी झाली, मध्येच गुंगीत जाऊ लागलं, तर ‘झोप झाली नसेल’ म्हणून वाट पाहू नका. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातल्या क्षारांची गडबड, नवी गोळी, अशी कारणं त्यामागे असतात. तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं किंवा जीभ जड होणं यांपैकी काही असेल तर तो पक्षाघात असू शकतो. दोन्ही वेळा तडक दवाखाना.

एरवीच्या भेटीला जाताना दोन आठवड्यांची वही, सगळ्या औषधांची वेळेसकट यादी आणि शक्य असल्यास रात्री त्याच खोलीत झोपणारं माणूस सोबत न्या. घोरणं आणि श्वास अडकणं झोपलेल्याला स्वतःला कळत नाही. खोलीत दुसरं कुणी नसेल तर फोनवर रात्रीचा आवाज ध्वनिमुद्रित करा आणि तो डॉक्टरांना ऐकवा.